बोटभर माया

सावली गावाच्या बाजारचौकात डोमाचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणजे तसं म्हणायची पद्धत होती. खोली होती, मशीन होती, मशीनच्या सुईखाली कुणाची तरी अर्धी शिवलेली बंडी अडकलेली असे. डोमा मात्र जागेवर असेलच याची खात्री त्याची बायकोही देत नसे. गिऱ्हाईक यायचं, रिकाम्या स्टुलाकडे बघायचं आणि शेजारच्या पानठेल्यावर विचारायचं, "डोमाभाऊ कुठी गेला गा?" पानवाला सुपारी कातरता कातरता हनुवटीने हवेत एक मोठा गोल काढायचा. एवढ्या गोलात कुठेतरी सापडेल, असा त्याचा अर्थ.

डोमा जातीने ढिवर. बापाने आणि थोरल्या भावाने तलावावर जाळं टाकून घर चालवलं. डोमालाही पाण्यात उभं करून पाहिलं. पण मासा धरायचा तर माणसाला आधी स्वतः दगड व्हावं लागतं, आणि या पोराच्या अंगात दगड होण्याचा गुण औषधालाही नव्हता. तो हलायचा, मासे पसार व्हायचे आणि थोरला भाऊ काठी घेऊन त्याच्या मागे धावायचा. शेवटी एकदा तो धावता धावता बल्लारपूरलाच पोचला म्हणा ना. तिथे एका म्हाताऱ्या मास्तरच्या हाताखाली त्याने शिवण शिकून घेतली. बसल्या जागी पाय हलवत राहायची मुभा असलेला हा एकच धंदा त्याला सापडला असावा.

नकाशाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते तिथेच. बल्लारपूरच्या फलाटावर रेल्वेचा एक मोठा नकाशा टांगलेला होता. सुट्टीच्या दिवशी डोमा त्याच्यापुढे उभा राहिला आणि सावली शोधू लागला. रेल्वेच्या नकाशात रेल्वे न जाणारं गाव कशाला असेल? पण हे त्याला कोण सांगणार! चांदा सापडलं, मूल सापडलं, सावली काही सापडेना. त्याने काच धोतराच्या सोग्याने पुसून पाहिली. "एवढं मोठं गाव, बाजार भरते तिथी, अन् ह्याईनं लिवलंच नाई?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, तेव्हा एका हमालाने त्याला हाकलून दिलं. पण ते त्याच्या जिवाला लागलं ते लागलंच. खोलीवर येऊन त्याने मांजरपाटाचा तुकडा पसरला, मास्तरचा कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि मधोमध भाकरीएवढी सावली काढली. त्या नकाशात चांदा शहर डाळीच्या दाण्याएवढं होतं.

पुढे तो गावी परतला, दुकान थाटलं, लग्न झालं, तरी खूळ काही उतरलं नाही. मशीन बैलगाडीत घालून तो दूरदूरच्या आठवडी बाजारांना जायचा. झाडाखाली मशीन मांडायची आणि लोकांचं फाटकं-उसवलं शिवून द्यायचं, हा दाखवायचा धंदा. खरं काम वेगळंच. कुणी पोलकं पुढे केलं की याचा पहिला प्रश्न, "गाव कोणतं? नाल्याच्या अल्याड का पल्याड?" मोहफुलं विकायला आलेल्या गोंड बायकांना तो गोंडीत विचारी. गोंडीत गावाला 'नार' म्हणतात, एवढा एक शब्द त्याला येत होता. बाकीचं सगळं हातवारे. सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे व्यापारी भेटले तर तो जमिनीवर काडीने एक नदी ओढायचा आणि काडी त्यांच्या हातात द्यायचा. माणसं आधी हसायची आणि मग उकिडवी बसून काढायला लागायची. आपलं गाव कुठे आहे ते सांगायला कुणाला आवडत नाही?

बरं, ऐकून या गृहस्थाचं भागत असतं तरी ठीक होतं. एखादं नवं नाव कानावर पडलं की त्याच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. जेवताना ताटाभोवती बोटाने रस्ते काढायचा, झोपेत कूस बदलून बदलून बायकोला हैराण करायचा, आणि दुसऱ्या दिवशी बैल जुंपून चालता व्हायचा. मागे नवरीची चोळी बिनबाह्यांची राहायची. परत यायचा तो धुळीने माखलेला, गालफडं बसलेली, डोळे मात्र लखलखत असायचे. आणि आल्या आल्या कापड मागायचा.

कापड तयार असे, कारण ते तयार करणारी घरात होती. त्याची बायको मनकर्णा भाताची घट्ट पेज काढून मांजरपाटाला चोळायची, कापड उन्हात ताणून वाळवायची आणि गुळगुळीत गोट्याने घोटून कागदासारखं कडक करून द्यायची. गेरू, हळद, नीळ, काजळी, शिमग्याच्या सुमाराला पळसाची फुलं, असे सगळे रंग धावड्याच्या डिंकात कालवायची तीच. डोमा शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करायचा आणि पालथा पडून रंगवत बसायचा. जंगल हिरवं, धानाची बांधी पिवळी, तलाव निळे. तलाव तर असे रंगवायचा की बघणाऱ्याला पाय बुडवावासा वाटे. तेवढा वेळ घरात शांतता असायची. मनकर्णा शेजारी बसून बघायची, आणि तो एकेका गावाची गंमत सांगत सुटायचा. इथे पाण्याला गंधकाचा वास येतो, इथल्या बाजारात तांबड्या मुंग्यांची चटणी मिळते, इथे अशी उतरण आहे की बैल मागे सरतात. ती हुंकार देत ऐकायची. तिला हे आवडतं का, असं विचारायचं त्याला कधी सुचलं नाही.

मनकर्णाचं माहेर सिवनटोला. वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर ढिवरांची मूठभर घरं, गावाच्या तोंडाशी सिवनाची झाडं, म्हणून सिवनटोला. सावलीहून सकाळी निघालं तर जेवणवेळेला पोचता येईल एवढंच अंतर. आणि गंमत ऐका, सिरोंच्यापर्यंत तंगड्या तोडत जाणारा हा माणूस त्या टोल्यात एकदाच गेला होता, लग्नात. तेव्हा डोळ्यांवर बाशिंग. बाशिंगातून त्याला स्वतःच्या पायाचे अंगठे तेवढे दिसले.

दरवर्षी दिवाळी जवळ आली की मनकर्णा म्हणायची, "औंदा तुमी बी चाला ना माह्या संग. माय म्हंते, जवाई कसा दिसते तेच मी भुलली."

"येतो ना. औंदा पक्का," डोमा म्हणायचा. आणि नेमका तेव्हाच अहेरीकडच्या कुठल्या तरी गावाचं नाव त्याच्या कानावर पडायचं.

खरं कारण असं की तो घाबरायचा. सासुरवाडीला गेलं की जावयाने करायचं काय? बसायचं. घोंगडीवर बसायचं, पाट मांडला की पाटावर बसायचं, आणि कुणी 'उठा' म्हणेपर्यंत बसून राहायचं. लग्नातल्या त्या बसण्याची आठवण झाली तरी त्याच्या पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून तो नुसतं 'पक्का' म्हणायचा. टोला त्याने नकाशात काढला होता, पण तिच्याकडून ऐकून. नदीकाठाला एक ठिपका, शेजारी नाव. झालं.

अशात छप्पन साल आलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर राज्य बदललं. कालपर्यंत मध्य प्रदेशात असलेला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला. कुणाच्या घरातलं चुलीचं तोंड काही फिरलं नाही, पण बोलायला विषय झाला. झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, आसपासच्या खेड्यांतले पाहुणे. सावलीच्या मंडईची सूत्रं किराणा दुकानदार गुणवंतरावांच्या हातात. ते डोमाच्या दुकानात आले, आणि नवल म्हणजे डोमा सापडला.

"डोमाभाऊ, आपुन आता मुंबईवाले," गुणवंतराव म्हणाले. "मोठे लोक येतीन मंडईले. मंचाच्या मागं अख्खा जिल्हा लटकला पायजे. तुह्या घरी तुकडे तुकडे पडले हायेत ते जोडून दे."

"देतो ना!" डोमा उभाच राहिला.

"अन् माह्या कोटाचं काय?"

"आधी जिल्हा, मंग कोट," डोमा म्हणाला. गुणवंतराव काय बोलणार!

तो कामाला लागला. जसं कापड मिळेल तसे त्याने नकाशे केले होते. त्यातले दोन मोठे, एक वैनगंगेच्या अलीकडचा, एक पलीकडचा. दोन्हींच्या काठाला नदी होती. ते जोडायचे म्हणजे मधे शिवण आली, आणि शिवण आली म्हणजे माया आली. शिंपी लोक कापडाच्या काठाला शिवणीच्या आत दुमडायला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. माया सोडली नाही तर पहिल्याच ताणाला टाके निघतात. नकाशे रंगवताना पुढे ते जोडावे लागतील हे कुणाला ठाऊक होतं? काठापर्यंत सगळं भरलेलं. मग डोमाने मनाशी विचार केला, नदी वेगळी दाखवायचीच कशाला? शिवण हीच नदी! दोन्हीकडून बोटबोटभर माया आत दुमडून वरून निळ्या दोऱ्याची दुहेरी टीप मारली की झाली वैनगंगा. या कल्पनेवर तो इतका खूश झाला की पानवाल्याला हात धरून दाखवायला घेऊन आला.

एकच अडचण आली. मार्कंड्याचं देऊळ अगदी काठावर, ते मायेत जाऊ लागलं. मार्कंडा नसलेला जिल्हा मंडईत टांगला तर लोक चपलेने मारतील. म्हणून डोमाने तिथे कापडाला कातर दिली, शिवण वळवून घेतली आणि देऊळ बाहेर ठेवलं. त्या बोटभर मायेत आणखी कोण कोण गेलं, याचा विचार करायला त्याला सवड नव्हती.

भाऊबिजेचे लाडू वळता वळता मनकर्णाने विचारलं, "आमचा टोला हाये ना त्याच्यात?"

"हाये ना. माह्याच हातानं काढला," डोमा पायडल मारता मारता म्हणाला. आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मंडईच्या दिवशी दुपारीच नकाशा लागला. लोकांनी तोंडात बोटं घातली. मंचावर कोण बोलतंय याकडे कुणाचं लक्ष नाही. जो तो आपलं गाव शोधतोय. सापडलं की बोट लावून बघायचा आणि बोटाला लागलेला रंग दुसऱ्याला दाखवायचा. "हात नोका लावू!" म्हणून गुणवंतराव बसक्या आवाजात ओरडत होते. डोमा कोपऱ्यात उभा होता, आनंदाने एका पायावरून दुसऱ्या पायावर होत.

मनकर्णाचा भाऊ पोचू भाऊबिजेला आला होता तो मंडईसाठी थांबला होता. नवं धोतर, केसांना तेल. टोल्यातली आणखी चारदोन माणसं त्याच्याबरोबर होती. मनकर्णा त्यांना गर्दीतून वाट काढत पुढे घेऊन आली. "माह्या घरच्यानं काढला," ती सांगत होती, आणि ते सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की ओळखीच्या बायकाही वळून बघत होत्या. "पाह्य ना दादा, आपला टोला पाह्य."

पोचूने निळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. वर नेलं. खाली आणलं. पुन्हा वर नेलं. मार्कंड्याशी बोट थबकलं, पुढे सरकलं. अक्षरं त्याला जेमतेम येत होती, म्हणून त्याने शेजारच्याला विचारलं, "सिवनटोला कुठी लिवला हाये गा?"

शेजारचा इरसाल होता. त्याने शिवणीकडे बघितलं, पोचूकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सिवनटोला? तो तं सिवनीत गेला!"

या मुलखात शिवणीलाही सिवनच म्हणतात. मग काय विचारता! हसण्याची लाट मंचापासून पाळण्यापर्यंत गेली. ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी समजावून सांगितलं आणि तेही हसले. डोमा गर्दीत घुसला. "हाये, हाये! आतमधी हाये!" तो ओरडत होता. त्याने नखाने शिवणीची कड उचलून दाखवायचा प्रयत्न केला. "हे पाहा, मायेत गेला फकत!"

"सासुरवाडी मायेत गेली रे!" कुणीतरी मागून ओरडलं, आणि हसणं दुप्पट झालं.

पोचू हसला नाही. तो डोमाच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "जवाईबापू, मार्कंड्याले वाट देल्ली तुमी, सिवन वळवून. म्हंजे तुमाले माईत होतं का मायेत गावं जाते. देव दिसला. आमी नाई दिसलो."

डोमाने मनकर्णाकडे पाहिलं. बाजारात अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. फलाटावरच्या काचेत आपलं गाव दिसलं नाही म्हणून ज्या माणसाने पुढची दहा वर्षं पायपीट केली, त्याला समोरच्या बाईच्या पोटात काय तुटलं ते तेव्हाही कळलं नाही. याला काय म्हणावं? त्याला वाटलं, शिवण चुकली, उसवून नीट करू.

सकाळी ती पोचूबरोबर निघाली. "मायले पाहून येतो," म्हणाली.

"कदी येशीन?"

"पाहू," ती म्हणाली.

आठवडा गेला. धानाची कापणी सुरू झाली, बांध्यांतून विळ्यांचा आवाज येऊ लागला, पण मनकर्णा आली नाही. डोमाला वाटलं, बरंच झालं, एखादा लांबचा बाजार करून येऊ. बैल जुंपले, निम्म्या रस्त्यात गेला, आणि कशासाठी जातोय ते त्याला कळेना. नवं गाव पाहून आल्यावर त्याची गंमत सांगायची कुणाला? तो गाडी वळवून परत आला. घरात शिरला तर घरात बसवेना. अंगणात आला, दुकानात गेला, पानठेल्यावर उभा राहिला, पुन्हा घरी आला. आयुष्यभर त्याचे पाय कुठेतरी जायला निघालेले असत. आता ते कुठे न जाता नुसते चालत होते. रात्री चूल पेटवली तर भात करपायचा. गुणवंतरावांचा कोट एकदाचा शिवून दिला तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. गुणवंतरावांनी कोट अंगात घातला, आरशात पाहिलं, डोमाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्यासारखा तोंडाळ माणूस काही न बोलता निघून गेला. ती येणार नाही की काय, हा विचार तेव्हा डोमाला पहिल्यांदा आला.

त्याच दिवशी त्याने नकाशा उतरवून आणला आणि शिवण उसवली. दोन्ही बाजूंची माया उलगडली. आत दुमडलेली गावं चुरगळलेली होती, रंग खरवडला गेला होता, पण होती. सिवनटोला, आणखी कितीतरी टोले, घाट, ढिवरांच्या वस्त्या. सगळा नदीकाठ आत गुदमरलेला. त्याने मधे नव्या कापडाची लांब पट्टी जोडली, म्हणजे माया पट्टीत गेली आणि गावं बाहेर राहिली. पट्टी निळी रंगवली. वैनगंगा आता अशी रुंद झाली की समुद्रच वाटावा, पण असू दे म्हणाला. सिवनटोल्याचा ठिपका त्याने पुन्हा भरला, त्याच्याशेजारी झाडं काढली, घरं काढली. घरं कशी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सावलीतली काढली. रंग सुकायच्या आत गुंडाळी काखेत मारली आणि निघाला.

डोंग्यातून पलीकडे उतरला आणि टोल्याच्या तोंडाशी अडला. पोचूचं घर कोणतं? त्याला ठाऊक नव्हतं. जाळी वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला त्याने विचारलं.

म्हातारीने डोळे बारीक केले. "तुमी कोन बापा?"

"मी... मनकर्णाचा घरवाला. सावलीचा."

"अगा माय वो!" म्हातारी हसली. "मी तुमची सासू होये! हरपले होते काय जवाईबापू इतके दिस? या, घरी या."

सासूने, म्हणजे भागीरथाबाईने, त्याला हाताला धरून घरात नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी टाकली. डोमा बसला. कानापर्यंत लाल झाला होता. हां हां म्हणता टोला जमा झाला. नकाशा अंगणात पसरला, आणि माणसं खरोखरच हरखली. हा आपला घाट, हा डोह, हे बघ नाव! पोचूही येऊन बघून गेला. बराच वेळ बघत होता. "नदी लय मोठी केली," एवढंच म्हणाला, पण घुश्शात म्हणाला नाही. आत जाऊन त्याने बायकोला मोठा मासा कापायला सांगितला.

मनकर्णा मागच्या अंगणात जाळं सांधत बसली होती. ती उठून आली नव्हती. जेवणं झाल्यावर डोमाच तिच्यापाशी गेला.

"पाह्यलं का वो? तुहा टोला. आता नाई जात मायेत."

"पाह्यला."

"मंग चाल घरी."

तिने जाळ्याची गाठ आवळली. "टोला नकाशात नाई म्हणून मी आली, असं वाटते तुमाले?"

"मंग?"

"तुमच्या नकाशात गावं किती हायेत?"

डोमाची छाती जराशी फुगलीच. "मोजली नाई. लय हायेत."

"माह्या नकाशात दोनच. सावली अन् सिवनटोला. या चुलीपासून त्या चुलीपर्यंत. त्यातलं एक तुमी मायेत घातलं. मंग माह्यापाशी राह्यलं काय?"

तिचे हात थांबले होते.

"मी पेज चोळतो, रंग कालवतो, तुमी गोष्टी सांगता. मले वाटे, आज म्हंतीन, उद्या म्हंतीन, चाल तू बी. कदी नाई म्हणलं. बैल नेले, मशीन नेली. मशीनले सिरोंचा दाखवला तुमी. मले इथी नदीच्या पल्याड आणासाठी बी भाऊ यावा लागे." तिने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. "तुमाले एका जागी बसवत नाई म्हणून सारं गाव हासते. मले बसवते, असं कोणं सांगतलं तुमाले?"

इतकी वर्षं एका छपराखाली राहून हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बायको घरी असते, एवढंच त्याला ठाऊक होतं. जसा तलाव गावात असतो. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. जाळ्याचं दुसरं टोक हातात घेऊन त्याने सांधायला सुरुवात केली. ढिवराचाच हात तो, गाठ विसरला नव्हता.

तो चार दिवस राहिला. घोंगडीवर बस म्हटलं की बसला, पाटावर बस म्हटलं की बसला. पाय शिवशिवत होते, पोटऱ्यांत मुंग्या येत होत्या, पण उठला नाही. भागीरथाबाई त्याला वाढताना लेकीकडे बघून हसायची. मनकर्णा हसत नव्हती, पण बघत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिने लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि दारात उभी राहून म्हणाली, "चाला."

डोमाच्या जिवात जीव आला. ती येते आहे, आणखी काय हवं होतं? भागीरथाबाईने लेकीची ओटी भरली. नकाशा टोल्यातल्या लोकांनी ठेवून घेतला, त्याचंही त्याला काही वाटलं नाही. नेहमीच्या सवयीने तो पुढे आणि ती मागे अशी दोघं निघाली. टोल्याच्या तोंडाशी वाट फुटत होती. उजवी घाटावर उतरायची. खाली डोंगा, पलीकडे पांदण, आणि पुढे सावली. डावी सागाच्या जंगलात शिरायची. डोमा उजवीकडे वळला आणि बोलत सुटला. येत्या बाजाराला आपण दोघं जाऊ, गाडीत तुला बसायला तणस पसरू, मशीन मागे बांधू, तुला अमुक दाखवीन, तमुक दाखवीन. घाट अर्धा उतरला तरी हुंकार ऐकू येईना, म्हणून त्याने वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं.

तो धापा टाकत पुन्हा वर आला. मनकर्णा डाव्या वाटेने चालली होती. डोक्यावर गाठोडं, पदर कमरेला खोचलेला, सागाच्या झाडांत शिरायच्या बेतात.

"अवो!" डोमा ओरडला. "तिकडं कुठी चालली? तो रस्ता मले माईत नाई!"

तिने वळूनही पाहिलं नाही.

"मले बी नाई," ती म्हणाली.

डोमा तिच्या मागे धावत सुटला.